सोवळ्यातले यंत्र

"बाबा, ती खिडकी लावा," स्टुलावर उभ्या असलेल्या केतकीने सांगितले. तिच्या दातांत स्क्रू धरलेला असल्यामुळे शब्द अर्धेच बाहेर आले.

"खिडकी लावली तर वारा कुठून येणार?"

"वारा नकोच आहे."

"घराला वारा नको, हे विधान तू पूर्ण शुद्धीवर करते आहेस ना?"

तिने स्क्रू हातात घेतला, भिंतीवरच्या पांढऱ्या डबीला तो पिळून बसवला आणि मग शांतपणे माझ्याकडे पाहिले. "बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा ओली आहे. खिडकी उघडली की आपण ओलीला आत या म्हणतो."

"मी जन्मभर पावसाळ्यात खिडक्या उघड्या ठेवत आलो आहे."

"आणि जन्मभर दसऱ्याच्या सुमारास पुस्तकांना ऊन दाखवत आला आहात."

पलीकडे आरामखुर्चीत बसलेली शरयू हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. मग मी उठलो आणि खिडकी लावली. सुनेने मला वादात हरवल्याचा तो पहिला प्रसंग. पण त्या दिवशी माझी समजूत अशी होती की मी केवळ तहकुबी मागितली आहे.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. सावंतवाडीच्या कोर्टातली वकिली आटोपून मी आंबोलीस, घाटमाथ्यावर, हे छोटे घर बांधले होते. शरयूचे आयुष्य बाजारपेठेतल्या अरुंद जागेत गेले होते. दारासमोर मोकळे अंगण असावे आणि देवासाठी स्वतंत्र खोली असावी, या दोनच गोष्टी तिने कधीकाळी माझ्याकडे मागितल्या होत्या, त्याही एकदाच. घर झाले, अंगण झाले, देवघर झाले. आणि त्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात तिला दम लागू लागला. कोल्हापूरच्या फुफ्फुसांच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि घराची चौकशी केली. आंबोली हे नाव ऐकताच त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"बुरशीची ॲलर्जी आहे," ते म्हणाले. "औषध मी देतो. पण ती बुरशी तुमच्या भिंतींवर राहते, माझ्या औषधाच्या बाटलीत नाही. दसऱ्यापर्यंत घर कोरडं झालेलं मला त्यांच्या छातीत दिसलं पाहिजे. नाहीतर घर सोडा."

आंबोलीत पावसाळ्यात घर कोरडे करायचे, ही कल्पना मला विनोदी वाटली. तिथे जून ते सप्टेंबर ढग दारातून आत येतात, माणसांच्या मधून फिरतात आणि पाहुण्यासारखे निघूनही जातात. चपलांवर पांढरी लव उगवते, काडेपेटी पेटत नाही, बरणीतले मीठ खडा होऊन बसते. पुस्तकांच्या कपाटात मी विजेचा दिवा लावून ठेवीत असे. जुन्या मराठी गद्याचे माझे सारे ग्रंथ त्या कपाटात होते. आणि चांगले वाक्य कसे उभे राहते ते ज्यांनी मला शिकवले त्यांच्या पाठी बुरशीने काळवंडाव्यात, हे मला सहन होत नसे. परंतु दिवा कपाटाला पुरतो, घराला पुरत नाही.

निरंजन, आमचा मुलगा, बोटीवर होता. दक्षिण अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरातून त्याचा फोन आला, तेव्हा त्याने पुण्याच्या फ्लॅटच्या किल्ल्या कुणाकडे आहेत ते सांगितले. "आईला तिकडे हलवा, विषय संपला," तो म्हणाला. शरयूने फोन माझ्या हातातून घेतला आणि एवढेच म्हणाली, "बघू रे." तिचे 'बघू' म्हणजे नकार, हे मला माहीत होते, आणि असा नकार ती फार काळ टिकवत नाही, हेही माहीत होते. ती वाद घालीत नसे. कुणी जोर केला की ती आपला हट्ट घडी करून ठेवून देई, आणि पुन्हा त्याचा उच्चार करीत नसे.

त्याच आठवड्यात केतकी दोन मोठी खोकी आणि एक पाठीवरची पिशवी घेऊन एसटीने आंबोलीला उतरली. ती पुण्याला एका कंपनीत यंत्रांचे आवाज, उष्णता, कंपने मोजणारी उपकरणे तयार करीत असे. "आई," दारातच पाय धुता धुता ती म्हणाली, "दसऱ्यापर्यंत मी इथेच राहणार आहे. ऑफिसचं काम मी इथूनच करीन. मला घरात थोडी तोडफोड करू द्याल?"

"कर गो," शरयू म्हणाली. "फक्त देवघरात यंत्र नको."

"नाही आणणार."

"आणि तू आत जायचंस तर न्हाऊन, सोवळ्यानं."

"मी जातच नाही, आई."

हा करार दोन वाक्यांत झाला. मी पुढे साऱ्या प्रकरणाचा विचार केला तेव्हा मला जाणवले, की घरातली एकच खोली हिशेबाबाहेर राहिली आणि ती दोन्ही पक्षांच्या संमतीने राहिली.

केतकीची योजना अशी होती. प्रत्येक खोलीत हवेचा दमटपणा मोजणारी एक डबी. निजण्याच्या खोलीत आणि पुस्तकांच्या खोलीत हवेतले पाणी ओढून घेणारे एकेक यंत्र, दिसायला लहान कपाटासारखे, खाली पाणी साठण्याची टाकी. न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात बाहेर हवा फेकणारे पंखे. या सगळ्यांना हुकूम देणारा एक लहानसा संगणक जिन्याखालच्या फडताळात. दमटपणा साठ टक्क्यांच्या वर गेला की त्या खोलीतले यंत्र आपले आपण सुरू होई. खाली आला की थांबे. कुणी आंघोळ केली की न्हाणीघरातला पंखा वाफ बाहेर जाईपर्यंतच फिरे. आंबोलीतले इंटरनेट पावसाच्या मर्जीवर चालते, म्हणून तिने सारा कारभार घरातल्या घरात ठेवला होता. वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालू ठेवायचे आणि काय नाही, तेही ठरवून दिले होते. खिडक्यांच्या चौकटींना तिने चुंबकाचे तुकडे बसवले. खिडकी उघडी राहिली तर त्या खोलीतले यंत्र थांबे आणि जेवणाच्या टेबलावर एक लाल दिवा लागे.

तो लाल दिवा माझ्यासाठी होता, हे निराळे सांगायला नको.

"बाबा, पुस्तकांच्या खोलीतली खिडकी," आमटी वाढून घेताना केतकी म्हणाली.

"ती मी तत्त्वासाठी उघडी ठेवली आहे."

"तत्त्व भिजतं आहे."

शरयूने तोंडाला पदर लावला. मी उठलो, खिडकी लावली, आणि परत येऊन सांगितले की माणसाने आपल्याच घरात आपल्या खिडकीची साक्ष स्वतःविरुद्ध ऐकावी, हे कायद्याच्या कुठल्याही तत्त्वात बसत नाही. केतकी म्हणाली, "साक्ष खोटी असेल तर उलटतपासणी घ्या."

ती मी घेतलीच. जी डबी स्वतःचा खरेपणा सिद्ध करू शकत नाही तिच्या शब्दावर घर चालवणे मला मान्य नव्हते. "हिचा आकडा बरोबर कशावरून?" मी विचारले. "हिला कुणी पारखून पाहिलं आहे?"

मला वाटले, ती हसण्यावारी नेईल. तिने शरयूकडून वाटीभर मीठ मागून घेतले, त्यात चमचाभर पाणी घालून त्याचा लगदा केला, ती वाटी आणि भिंतीवरची डबी एका मोठ्या डब्यात घट्ट झाकून ठेवली. "ओल्या मिठावरच्या बंद हवेत दमटपणा नेहमी पंच्याहत्तरच असतो," ती म्हणाली. "तो निसर्गाचाच नियम आहे, माझा नाही. संध्याकाळी बघू." संध्याकाळी काचेच्या झाकणातून डबीवर शहात्तर दिसत होते. तिने एकाचा फरक मान्य केला आणि संगणकात तो दुरुस्त करून ठेवला. मग घरातल्या प्रत्येक डबीला त्या मिठाच्या डब्यातून जावे लागले. साक्षीदाराला शपथ घालण्याची इतकी चोख रीत मी कोर्टात कधी पाहिली नव्हती, आणि मी ते तिला बोलून दाखवले. "म्हणजे आता खिडक्या लावाल?" तिने विचारले.

मी लावू लागलो.

श्रावण लागेपर्यंत घर बदलले. बाहेर पाऊस एका लयीत कोसळत होता आणि आत मीठ बरणीतून मोकळे पडत होते. काडेपेटी पहिल्या काडीला पेटे. माझ्या ग्रंथांची पाने हाताला खरखरीत आणि कोरडी लागू लागली. कपाटातला दिवा मी स्वतःच्या हाताने काढला. शरयू दुपारी अंगणाकडे तोंड करून, बंद काचेआड, पाऊस बघत बसे. आणि तिचा खोकला दिवसेंदिवस विरळ होत चालला होता. केतकी रोज टाक्यांतले पाणी बादलीत ओतून अंगणात फेकायला नेई, तेव्हा मी तिच्यामागून जाई. एवढे पाणी आम्ही आजवर श्वासाबरोबर छातीत घेत होतो, या विचाराने माझा वाद घालण्याचा उत्साह मावळत असे.

एक भिंत मात्र ऐकेना.

निजण्याच्या खोलीत, खाटेच्या उशाशी, काळे ठिपके पुन्हा उमटले. केतकीने ते पुसले, औषध लावले. आठवड्यात ते परतले. त्या खोलीतली डबी सांगत होती की पहाटे दमटपणा वर चढतो, दुपारपर्यंत तिथेच घुटमळतो आणि मग उतरतो. केतकीने संगणकावर मला ती रेघ दाखवली. रोज त्याच जागी तोच उंचवटा.

"गच्चीतून पाझरत असेल," मी म्हणालो.

"पाझर घड्याळ बघून येत नाही."

"न्हाणीघराची वाफ?"

"न्हाणीघर पलीकडच्या टोकाला आहे. तिथली रेघ बघा, ती लगेच खाली येते."

आम्ही पाइप पाहिले, पागोळ्या पाहिल्या, भिंतीवर कान आणि तळवा लावून पाहिला. ती भिंत देवघराची सामाईक होती. तिच्या माथ्याशी लाकडी जाळी होती. शरयूने घर बांधताना ती मुद्दाम करून घेतली होती, कारण म्हातारपणी अंथरुणाला खिळलो तरी पूजेची घंटा ऐकू यावी. केतकी स्टुलावर चढली, जाळीपर्यंत पोचली, क्षणभर तिथे थांबली आणि खाली उतरली.

"काय दिसलं?"

"काही नाही. बघू."

त्या दिवसानंतर तिने शोध थांबवला. याचे मला आश्चर्य वाटले, कारण ती अर्धवट काम टाकणारी मुलगी नव्हती. तिने फक्त दोन गोष्टी केल्या. यंत्राचा आवाज होतो असे सांगून तिने शरयूची खाट पुढच्या खोलीत हलवली. आणि रोज संध्याकाळी नाकातोंडाला फडके बांधून ती त्या भिंतीवरचे ठिपके पुसू लागली. शरयू दाराशी उभी राहून ते बघत असे. दोघी फारशा बोलत नसत.

भाद्रपदात शरयूचा खोकला पुन्हा वाढला. पहाटे, अंथरुणातून उठल्यानंतर, तिला धाप लागे. कोल्हापूरला फोन केला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "दसरा जवळ आला." निरंजनने बोटीवरून निरोप पाठवला की सामान हलवणाऱ्यांशी तो बोलला आहे. शरयूने तो निरोप ऐकला, आणि त्या दुपारी ती अंगणाकडे तोंड करून बसली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली. तिने घडी घालायला सुरुवात केली होती, हे मी ओळखले.

त्यानंतरच्याच एका पहाटे मला नेहमीपेक्षा लवकर जाग आली. पाण्यासाठी स्वयंपाकघराकडे जाताना देवघराचे दार लोटलेले, पण पूर्ण न लागलेले दिसले. आत समई होती. शरयू न्हाऊन ओलेत्याने उभी होती. तिच्या दोन्ही हातांत काठी होती, आणि त्या काठीने ती नुकतेच धुतलेले नऊवारी लुगडे छताजवळच्या दांडीवर चढवत होती. भिजलेले सुती लुगडे किती जड असते ते मला त्या वेळी समजले. अर्धे चढले, घसरले. ती भिंतीला टेकून खोकली, श्वास जमवला आणि पुन्हा काठी उचलली. खाली तिने पितळी परात ठेवली होती, म्हणजे निथळणारे पाणी फरशीवर पसरू नये. थेंब परातीत पडत होते. मी पावले मागे घेतली.

शरयू पूजेपुरते लुगडे नेसे. दोन लुगडी होती. एक अंगावर, एक वाळत, रोज आळीपाळीने. धुतल्यावर त्याला ओवळ्या माणसाचा हात लागता कामा नये, म्हणून ते उंच दांडीवर काठीनेच टाकायचे आणि काठीनेच काढायचे. माझ्या आईकडून तिने ही रीत घेतली होती. केतकी आली तेव्हा असे ठरले होते की ओले काहीही घरात वाळत घालायचे नाही, आणि शरयूने लुगडे मागच्या पडवीत टाकण्याचे कबूल केले होते. पण पडवीत तुषार येत, मांजर येई, भांडी घासायला येणारी बाई येई. आणि घाटावरच्या हवेत तिथे काही वाळतही नसे. तिने कुणाला न सांगता दांडी आत घेतली होती. घरातल्या डबीवाचूनच्या एकमेव खोलीत, दार लावून, रोज पहाटे नऊवार ओल टांगली जात होती, आणि ती जाळीतून सरळ माझ्या उशाशी उतरत होती.

मी निजण्याच्या खोलीत परतलो. थोड्या वेळाने केतकी टाकी रिकामी करायला आली. खिडकीतून मी शरयूला परडी घेऊन अंगणात जाताना पाहिले होते.

"केतकी, आरोपी सापडला," मी म्हणालो.

"हळू बोला, बाबा."

माझा आवाज कोर्टाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचावा अशा रीतीने घडलेला आहे. तो हळू होत नाही. "ती फुलं काढायला गेली आहे. तुझा तो उंचवटा म्हणजे शरयूचं लुगडं आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

केतकीने टाकी खाली ठेवली. "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"जाळीपाशी चढले होते ना, तेव्हापासून. ओल्या सुताचा वास येत होता."

मी खाटेवर बसलो. "आणि तू गप्प राहिलीस? रेघ तुझ्याजवळ आहे, वास तुझ्याजवळ आहे, करार तुझ्याजवळ आहे. एवढ्या पुराव्यावर मी कुणालाही हरवलं असतं."

"मला आईंना हरवायचं नाही."

"तिचा दम वाढतो आहे."

"म्हणून त्यांना पुढच्या खोलीत हलवलं. म्हणून रोज भिंत पुसते. तिसरं यंत्रसुद्धा आणून ठेवलं आहे, जिन्याखाली खोक्यात आहे." तिने हात पदराला पुसले आणि ती माझ्यासमोर स्टुलावर बसली. "बाबा, आईंनी माझ्यासाठी काय काय सोडलं बघा. खिडक्या सोडल्या. अंगणात बसणं सोडलं. स्वतःच्या घरात त्या दिव्याच्या हुकमात राहतात, आणि एक शब्द बोलत नाहीत. एक खोली त्यांनी स्वतःकडे ठेवली. तिथपर्यंतसुद्धा माझी रेघ पोचली आहे असं कळलं तर त्यांना काय वाटेल?"

"रागावेल."

"रागावल्या तर चालेल हो. त्या रागावणार नाहीत. उद्यापासून लुगडं नेसायचं सोडतील, पूजा उरकतील साडीवर, आणि पुन्हा कधी विषय काढणार नाहीत. मग त्या इथे राहिल्या काय आणि पुण्याला गेल्या काय."

हे मला पटले. पण प्रश्न शिल्लक होता. "माझी खिडकी तर तू भर जेवणात पकडलीस."

"तुम्हाला वाद आवडतो. लाल दिवा लागला की तुमचा चेहरा उजळतो. आईंना वाद चालत नाही."

"मग करणार काय?"

"दसऱ्याच्या आधी आठ दिवस मी स्वतः सांगीन, काही झालं तरी. जीव मोठा आहे. पण तोवर त्यांनी मला आत बोलवायला हवं. मी घुसणार नाही."

"आणि तोवर मी?"

"तोवर तुम्ही बोलायचं नाही."

ही शिक्षा तिने मला हसत ठोठावली. मी ती स्वीकारली. इतक्यात भिंतीपलीकडे घंटा वाजली. केतकीने दचकून जाळीकडे पाहिले.

"आई आत आल्या वाटतं."

"आत्ताच आली असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणात शरयूने केतकीच्या पानात भात वाढला, तूप वाढले, आणि नजर वर न करता म्हणाली, "उद्या पहाटे न्हाशील?"

"न्हाईन की."

"केस कोरडे करून ये. धाबळी मी देते माझी, ती नेस. लोकरीची आहे, टोचेल जरा." मग थोडे थांबून, "ती भिंत देवघराच्या अंगानं ओली होते. तू बाहेरून पुसून काय होणार? आतून बघ एकदा."

केतकीच्या हातातला घास तसाच राहिला. "हो, आई," ती म्हणाली. मी तोंड उघडले होते. तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी त्यात भात घातला.

त्या पहाटे मी खाटेवर डोळे मिटून पडलो होतो आणि जाळीतून सारे ऐकू येत होते. धाबळी टोचते म्हणून केतकी आत येतानाच कुरकुरली, आणि शरयूने तिला आपण पहिल्यांदा नेसलो तेव्हा सासूसमोर कशा खाजवत उभ्या होतो ते सांगितले. मग काठीचा आवाज झाला, लुगडे दांडीवर पडले.

"हे असं असतं," शरयू म्हणाली. तिच्या आवाजात अपराध नव्हता आणि आव्हानही नव्हते. "पडवीत वाळत नाही. आणि मला हे सोडवत नाही."

"सोडायचं कशाला? दांडी इथेच राहू दे. मी खोक्यातलं यंत्र पुसून आणते, ते खाली ठेवू, परातीच्या बाजूला. एक डबी वर, दांडीच्या टोकाला."

"मग रोज ते लावायला तुला यावं लागणार. रोज कुठे न्हाऊन धाबळी नेसत बसशील?"

"मी नाही यायचं. तुम्हीही हात लावायचा नाही. लुगडं दांडीवर पडलं की हवा जड होते, ते डबीला कळतं, यंत्र आपलं आपण सुरू होतं. लुगडं वाळलं की आपलं आपण थांबतं."

"बटण?"

"बटण दाबायचंच नाही."

"पाणी ओतायला?"

"नळी लावते, मोरीत जाईल."

एक थेंब परातीत पडला, मग दुसरा.

"म्हणजे त्याला कुणी शिवायचं नाही," शरयू हळूच म्हणाली.

"कुणीच नाही."

"मग ते सोवळ्यातलंच झालं की गो."

धर्मशास्त्राच्या दृष्टीने या निष्कर्षावर निदान तीन आक्षेप घेता येतात. मी उशीवर पडून ते तिन्ही रचले, त्यांची भाषा घोटली, आणि मनातल्या मनात ठेवून दिले.

दोन दिवसांत यंत्र बसले. लुगडे दुपारच्या आत वाळू लागले. रेघेवरचा उंचवटा आधी बुटका झाला, मग सपाट झाला. भिंतीवरचे ठिपके पुसल्यावर पुन्हा उमटले नाहीत. शरयूची खाट परत आत आली. दसऱ्यानंतर डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकले, नव्या तपासण्यांचे कागद पाहिले आणि विचारले, "घर बदललंत वाटतं?"

"नाही," शरयू म्हणाली. "घर तेच आहे. सून आली."

केतकी बाहेर बाकावर मोबाइलवर कुणाशी तरी ऑफिसचे बोलत होती. तिने ते ऐकले नाही.

ती आणि निरंजन आता बंगळूरला असतात. दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की ती चार दिवसांसाठी येते, सगळ्या डब्या मिठाच्या डब्यातून काढते, माझ्याशी निदान एका खिडकीवरून भांडते आणि परत जाते. यंदा ती गेल्यावर मी शरयूपाशी, इतक्या वर्षांनी, त्या पावसाळ्याचा विषय काढला. मी तिला म्हणालो की तू तिला आत बोलावलेस तेव्हा तिला सारे आधीच ठाऊक होते.

"मलाही ठाऊक होतं की," शरयू वाती वळत म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"तिला ठाऊक आहे, हे. त्या दिवशी पाऊस वाढला म्हणून मी फुलं अर्धी टाकून आत आले. देवासमोर बसले होते मी. तुमचा आवाज काय, आरोपी सापडला म्हणून." तिने वात तळहातावर सरळ केली. "जाळीतून ओल तिकडे येते, तर बोलणं इकडे नाही यायचं?"

"सगळं ऐकलंस?"

"तिचं सगळं ऐकलं. मग म्हटलं, जी मुलगी दाराबाहेर एवढी थांबते तिला आत घेऊ या. घंटा मुद्दाम वाजवली. तुम्ही आणखी काहीतरी बोलला असतात."

"तिला सांगितलंस कधी?"

"छे. कशाला?" तिने वाती निरांजनाशेजारी ठेवल्या. "तुम्हीही सांगू नका."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागाच होतो. जाळीपलीकडे काठी वाजली, लुगडे दांडीवर पडले, आणि एक श्वास घ्यावा इतक्या अंतराने, कुणाचाही हात न लागता, यंत्र गुणगुणू लागले. मी ऐकत पडून राहिलो. वाद घालावा असे मला त्यात काहीच सापडले नाही.